जुन्या डिझेल व्हॅनची टाकी गंजलीय: फुल केली की गळते, निम्म्याखाली गेली की गाडी बंद पडते

निम्मीटाकी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी डिझेल व्हॅन आहे, मेकॅनिकल पंपवाली, सेन्सर-बिन्सर काही नाही, इंजिन अजून ठणठणीत आहे पण गेले दोन-तीन महिने डोक्याला नुसता ताप झालाय. दोन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत, दोन्ही एकाच ठिकाणी लिहितोय, सांभाळून घ्या.

पहिला म्हणजे टाकी फुल केली की मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर डिझेलचा डाग पडतो आणि वास तर इतका की मागे बसणारे आधी काचा उघडतात. दोन दिवस गाडी चालवली की गळणं आपोआप बंद होतं. खाली झोपून टॉर्च मारून बघितलं, तळाला रंग उडालाय, वरवर गंज आहे, पण भोक काही दिसत नाही.

दुसरा, काटा निम्म्याच्या खाली गेला की चढावर गाडी मिसिंग करायला लागते आणि कधी कधी बंदच पडते. डिझेल हातानं पुढे ढकलायचा हँड पंप दहा-पंधरा वेळा दाबला की परत चालू. सकाळी तर हँड पंप मारल्याशिवाय उठतच नाही. फिल्टर दोनदा बदलला, दुसऱ्यांदा काढला तेव्हा तळाशी तपकिरीच्या डबीत असते तशी बारीक भुकटी होती. गॅरेजवाला म्हणतो पंप गेला, उतरवायला लागेल. टाकी तर मला बदलायचीच आहे, शक्यतो स्वतः, पण पंपाचं काम आधी करू का टाकीचं? दोन्ही एकदम झेपणार नाही.

काळेहात:
पंपाला हात लावू नको अजून. तुझे दोन प्रॉब्लेम नाहीत, एकच आहे आणि तो टाकीच्या डोक्यावर आहे, तू तळ बघत बसलायस.

व्हॅनची टाकी खालून कमी आणि वरून जास्त सडते. टाकीचं डोकं आणि गाडीचा फ्लोअर यांच्यात जी चार बोटं जागा असते तिथं चाकानं उडवलेला चिखल जाऊन बसतो आणि तो कधी वाळत नाही, ओल्या फडक्यासारखा पत्र्याला चिकटून राहतो. तळाला वारा लागतो, वर नाही लागत. म्हणून फुल केली की डिझेल त्या वरच्या भोकांपर्यंत पोचतं आणि गळतं, पातळी खाली आली की बंद. इथपर्यंत सोपं आहे.

आता दुसरं. डिझेल ओढणारा पाइप टाकीच्या डोक्यातून आत शिरतो आणि तळापर्यंत जातो. तो पण पत्र्याचाच, तो पण गंजतो, आणि त्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. टाकी भरलेली असते तेव्हा ती भोकं डिझेलमध्ये बुडालेली असतात, काही कळत नाही. पातळी भोकाच्या खाली गेली की पंप डिझेलबरोबर हवा पण ओढतो. रात्रभर गाडी उभी राहिली की तिथूनच हवा शिरून लाइनमधलं डिझेल उतरून परत टाकीत जातं, म्हणून सकाळी हँड पंप. पंप खराब असता तर त्याला टाकी निम्मी आहे का भरलेली याच्याशी काय देणंघेणं?

खात्री करायची तर असं कर. फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक नळी घाल, डिझेलला चालेल अशी, आणि टाकी निम्म्याखाली असताना इंजिन रेस करून बघ. बुडबुडे पळताना दिसले की समज. मग दुसरी टेस्ट, स्वच्छ डिझेलचा कॅन घे, तोंडापर्यंत नाही भरायचा, आणि ओढणारी नळी आणि रिटर्नची नळी (जादा डिझेल परत टाकीत नेणारी) दोन्ही त्यातच सोड. रिटर्न विसरू नको, नाहीतर कॅनमधलं डिझेल गुपचूप टाकीत जाऊन पडेल आणि कॅन रिकामा झाला की तू म्हणशील बघा परत बंद पडली. कॅनवर गाडी नीट चालली तर पंप निर्दोष. कॅनवर पण बुडबुडे आले तर मधल्या नळीत किंवा जॉइंटला हवा शिरतेय, तिकडं बघ.

गाडीकाका:
एवढं पुराण कशाला. टाकी उतरव, दोनदा साबणाच्या पाण्यानं धू आणि भोकावर पत्रा ठेवून वेल्डिंग मारून टाक. डिझेल काय पेट्रोलसारखं पेटत नाही, काडी टाकली तरी विझते. आम्ही अशा तीन-चार टाक्या केल्यात, अजून चालतायत.

काळेहात:
काका, मान ठेवून सांगते, हे इथं लिहू नका, कोणीतरी वाचून खरंच करेल. थंड डिझेलमध्ये काडी विझते हे खरं, कारण साधारण पन्नास-साठ अंशांपर्यंत तापल्याशिवाय पेटण्याइतकी वाफच त्यातून निघत नाही. पण वेल्डिंगनं पत्रा किती तापतो? सांध्याच्या घडीत आणि गंजाच्या पापुद्र्याखाली चमचाभर डिझेल राहिलेलं असतं, साबणाचं पाणी तिथं पोचतच नाही, ते तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ बंद डब्यात हवेबरोबर मिसळते. मग तो डबा नाही, बॉम्ब आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची असते ती याचसाठी, आत हवेला जागा असते. चार टाक्या निभावल्या म्हणजे पाचवी निभावेल असं नाही. टाक्या वेल्ड करणारे लोक आहेत, ते आधी वाफेनं तासन्‌तास धुतात, आत निष्क्रिय वायू भरतात, मोजतात आणि मग हात लावतात. घराच्या अंगणात नाही.

आणि धोका बाजूला ठेवला तरी, डोक्यावरचा पत्रा चाळणी झालेला असेल तर वेल्डिंग धरायला पत्रा तर पाहिजे ना. एक भोक बुजवायला जाल तर शेजारी तीन पडतील.

गाडीकाका:
ताई होय, मला वाटलं कोणी दादा आहे. बरं बरं, राहिलं. पण एपॉक्सी लावून तरी चालेल की.

तेरानंबर:
एपॉक्सी पुटी घरी पोचण्यापुरती ठीक आहे. ती पण डिझेलनं ओल्या पत्र्याला धरत नाही, आणि गंजावर लावली तर गंजासकट खपली निघते.

टाकीला आतून लायनर, म्हणजे भोकं-गंज झाकणारा पातळ लेप, लावतात तो पर्याय पण कोणीतरी सुचवेलच म्हणून आधीच लिहितो. मी एकदा केलंय. बाइकच्या छोट्या टाकीत जमतं, आत हात फिरवता येत नसला तरी हलवून-उलटवून सगळीकडे पोचतं. व्हॅनच्या टाकीत आडवे पत्रे असतात, डिझेल डचमळू नये म्हणून, त्यांच्या मागे ना गंज काढणारं केमिकल नीट पोचत ना लायनर. वर्षभरानं माझ्या लायनरचे साप कात टाकतात तसे पापुद्रे निघाले आणि ओढणाऱ्या पाइपच्या टोकाच्या जाळीवर जाऊन बसले. गाडी ऐन स्पीडमध्ये जीव सोडायची आणि बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं की गुणी पोरासारखी चालू. ओढ थांबली की पापुद्रा जाळीवरून खाली पडायचा ना. मला हे कळायला दोन महिने आणि एक फुकटचा फिल्टर लागला.

तेव्हा नवीन टाकी, किंवा जुनी पण चांगली. जुनी घ्यायची तर डोकं बघून घे, तळ कोणी पण रंगवून ठेवतं. पट्टे जिथं बसतात तिथला पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं वाजवून बघ, चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. फ्लोटच्या (काट्याला पातळी सांगणारा तरंगता भाग) भोकातून टॉर्च मार आणि काठीला लोहचुंबक बांधून तळावरून फिरव, वर काय येतं ते बघ. आणि एकाच मॉडेलच्या लांब आणि आखूड गाडीला टाक्या वेगळ्या असू शकतात, त्यामुळे नळ्या किती, भरायचं तोंड कुठल्या बाजूला आणि फ्लोटचं भोक केवढं हे तिन्ही जुळवून घे.

अजून एक. कोणी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची टाकी बनवून देतो म्हणाला तर नको म्हण. जस्ताची डिझेलबरोबर रिॲक्शन होते आणि साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो, तो फिल्टरमध्ये आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलमध्ये जाऊन बसतो. दिसायला टाकी चकाचक आणि गाडी आजारी.

निम्मीटाकी:
ताई, तेरानंबर, दोघांना दंडवत. नळी घातली. निम्म्याखाली नुसते बुडबुडे, सोडावॉटरच्या बाटलीसारखे. मग दोन्ही नळ्या कॅनमध्ये सोडल्या आणि त्याच चढावर चारदा नेली, बायको मागे कॅन धरून बसली होती, एकदा पण मिसिंग नाही. पंप वाचला म्हणायचा. गॅरेजवाल्याला सांगितलं तर म्हणाला असं पण असतं कधी कधी.

आता टाकी उतरवायची आहे. नवीन मिळाली आहे, पत्र्याचीच, तेरानंबरनं सांगितलेल्या तिन्ही गोष्टी जुळल्या. आत पातळ तेलाचा हात होता, गंज नाही. काय काय लक्षात ठेवू? दोन दिवस सुट्टी आहे.

तेरानंबर:
आजच पट्ट्यांच्या बोल्टवर गंज सोडवायचं तेल मार, उद्या परत मार, काम परवा. हे दोन दिवस आधी नाही केलं तर बोल्ट तुटायची शक्यता जास्त. आणि तुटलाच तर हॅकसॉ ब्लेडनं हातानं काप. ग्राइंडर नाही, गॅसचा टॉर्च तर नाहीच नाही.

टाकी जेवढी रिकामी करता येईल तेवढी कर. डिझेल लिटरला ८००-८५० ग्रॅम भरतं, म्हणजे ४० लिटर उरलं असेल तर ३३ किलो वजन छातीवर घेऊन तू झोपणार आणि ते वजन एका जागी राहत नाही, कलतं तिकडं पळतं. बॅटरीची निगेटिव्ह काढ. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी कर, नुसत्या जॅकवर नाही, सपाट जागेवर. टाकीखाली दुसरा जॅक आणि वर फळी, मग पट्टे सोड आणि एकदम खाली आणू नको, वीतभर उतरवून थांब, कारण वरच्या नळ्या आणि फ्लोटची वायर तेव्हाच हाताला लागतात. सगळ्या नळ्यांना चिकटपट्टी लावून नाव लिही. ओढणारी आणि रिटर्न दिसायला जुळ्या बहिणी असतात, उलट्या लागल्या की परत इथंच येशील प्रश्न घेऊन. भरायच्या तोंडाचा जाड रबर पाइप निघत नसेल तर सरळ चाकूनं काप, नवीन लाव, जुना परत लावू नये.

काळेहात:
टाकीच्या आजूबाजूचं रबर सगळं बदल याच वेळी, परत टाकी कोण उतरवणार. डिझेलसाठीच्या नळ्या घे, साध्या पाण्याच्या नाही, त्या फुगून मऊ पडतात. तुझ्याकडच्या डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेलं असेल तर जुन्या रबराची जास्तच वाट लागते, आणि ते पाणी पण जास्त धरून ठेवतं.

पट्ट्यांच्या आतली रबरपट्टी पण नवीन. टाक्या तिथूनही सडायला सुरुवात होते, पट्टा आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी अडकतं. नवीन टाकी लावायच्या आधी डोक्यावर नीट प्रायमर, रंग आणि वर जाड अंडरकोट दे, मेहनत डोक्यावर घाल, तळ दिसतो म्हणून तळ चमकवत बसू नको. फक्त फ्लोटची अर्थिंगची जागा रंगवू नको.

टाकी वर चढवायच्या आधी फ्लोटची वायर जोडून, चावी ऑन करून, दांडी हातानं वर-खाली कर आणि कोणालातरी काटा बघायला बसव. पाच मिनिटांचं काम आहे. टाकी घट्ट बसवल्यावर काटा मेलेला सापडला की काय वाटतं ते मला विचार.

हवा निघायची नळी आहे ना बारीक, व्हेंट, तिच्यात फुंकर मारून बघ. ती तुंबली की टाकीत निर्वात होतो आणि गाडी परत तशीच रडते. झाकण उघडल्यावर फुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली तर तेच.

निम्मीटाकी:
झालं एकदाचं! दीड दिवस लागला, सांगतो सगळं.

चारपैकी तीन बोल्ट लोण्यासारखे निघाले, चौथा तुटला, हॅकसॉ. टाकी वीतभर खाली आणली आणि वर हात घातला तर हाताला पत्रा लागलाच नाही, माती लागली. ताई तुम्ही चिखल म्हणाला होतात, माझ्या टाकीवर शेत होतं. अडीच पाट्या माती काढली, तिच्यात एक रोपटं होतं पांढरट पडलेलं, खोटं नाही सांगत. माती काढली आणि खाली पत्र्यावर अंगठा ठेवला तर अंगठा आत गेला. जोर न लावता. बिस्किटासारखा पत्रा.

फ्लोटची रिंग काही फिरेना. छिन्नी मारणार होतो, बायको म्हणाली ठिणगी उडेल, मग लाकडी खुंटी धरून हळूहळू ठोकत गोल फिरवली, पाऊण तास गेला. ओढणारा पाइप बाहेर काढून एक टोक बोटानं बंद केलं, दुसऱ्यातून फुंकलं आणि बादलीत बुडवला. तीन ठिकाणांहून बुडबुडे, तिन्ही बरोबर मधोमध, काटा निम्म्यावर असतो तिथं. बघून इतकं बरं वाटलं की काय सांगू, म्हणजे भोकं बघून कोणाला बरं वाटतं का, पण वाटलं. टाकीच्या तळाशी दोन-तीन पेले पाणी आणि त्याच्यावर काळा बुळबुळीत थर, तो काय प्रकार?

सगळं नवीन बसवलं, काटा आधी बघून घेतला, चालला. फिल्टर डिझेलनं भरून लावला. तरी सुरू होईना, सेल्फ मारून मारून बॅटरी झोपायला आली, तेवढ्यात पोस्ट टाकायला फोन हातात घेतला आणि गाडीकाकांचा मेसेज आलेला.

गाडीकाका:
मीच सांगतो ना. त्यानं फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा स्क्रू सोडलाच नव्हता, आत हवा आणि वरून हँड पंप मारतोय. म्हटलं आधी तो स्क्रू ढिला कर, हँड पंप मार, फेस येईल, येऊ दे, बुडबुडा बंद होऊन सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळ. मग नोझलचे नट एकेक अर्धा आटा ढिले करून सेल्फ, दहा सेकंदच, मग स्टार्टरला दम खाऊ दे. नटाला डिझेल आलं की आवळ. असं दोन नोझलना केलं तोवर गाडी धूर सोडून उठली.

काळेहात:
काका, हे एकदम बरोबर. फक्त वाचणाऱ्यांसाठी: नोझलचे नट सोडणं हे याच जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत. कॉमन रेलवाल्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल) गाडीत कधीच नाही, तिथं हजार बारच्या वर प्रेशर असतं. आणि जुन्यात पण फवाऱ्यासमोर बोट धरू नका, डिझेल कातडीच्या आत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते पण लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

निम्मीटाकी, तो काळा थर म्हणजे जंतू. पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं ते वाढतात. टाकी अर्धी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की रिकाम्या भागातल्या हवेतलं पाणी पत्र्यावर दव धरतं आणि खाली उतरतं. उभी ठेवायची असेल तर भरून ठेव, आता गळणार नाही. फिल्टरखालचं पाणी काढायचं बूच अधूनमधून सोडत जा. आणि आत्ता लावलेला फिल्टर पाचशे-सहाशे किलोमीटरनंतर काढून बघ, जुन्या लाइनमधली घाण तोवर येऊन बसेल. पट्ट्यांचे बोल्ट पण तेव्हाच एकदा तपास, नवीन रबर दबतं आणि पट्टा ढिला होतो.

निम्मीटाकी:
करतो. नाव पण बदलायला पाहिजे आता माझं इथलं. शेवटचं एक, जुनी टाकी दारात पडलीय, भंगारवाला उद्या येतोय, म्हणाला इथंच दोन तुकडे करून नेतो, गाडीत मावत नाही. देऊ का?

तेरानंबर:
दारात कापू देऊ नको. फ्लोट आणि सगळी बुचं काढ, तळातलं काळं पाणी वेगळ्या कॅनमध्ये घे, गटारात नाही, आणि टाकी तोंडं उघडी ठेवून आख्खीच्या आख्खी दे. मावत नसेल तर मोठी गाडी आणू दे. आणि डिझेलची टाकी आहे हे खडूनं तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, कारण उद्या घेऊन जाणारा आणि परवा कटर चालवणारा माणूस एकच असेल असं नाही.